नवरीचा पोशाख आणि शिवणारीचे नाव

आम्ही दोघी जावा तुमसरला बायकांचे कपडे शिवतो. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी, कापड बेतायचा एक लांब टेबल, एक उभा आरसा आणि भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर, एवढाच आमचा पसारा. पहिली मशीन सासऱ्यांनी घेऊन दिली. ते चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत कामाला होते. निवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा त्यांनी मुलांना मोटारसायकल न घेता सुनांना मशीन घेतली, यावरून घरात आठ दिवस धुसफूस चालली होती. थोरली तिरोडीकडची, म्हणजे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातली. धाकटी मोहाडी तालुक्यातली. दोघींची बोली थोडी वेगळी, माहेरचे शिवणही वेगळे. पण आता कोणती तुरपाई कोणाची हे आम्हालाही ओळखू येत नाही. म्हणून हा लेखही दोघींचा मिळून आहे.

लिहिण्याचे कारण घरातलेच आहे. थोरलीची मुलगी बारावी पास झाली आणि म्हणाली, मला फॅशन डिझायनिंग शिकायचे आहे, त्यातही नवरीचे कपडे. घरात बैठक बसली. आमचे चुलत सासरे निवृत्त शिक्षक आहेत, त्यांच्या शब्दाला घरात मान आहे. ते म्हणाले, "बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगतलं, ते बायकांचे झंपर शिवाले काय वो? शिवाचंच होतं तं बारावी काहून शिकवली?" त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. या भागात आपल्या समाजातली कितीतरी घरे पूर्वी जाडेभरडे कापड विणीत. मग गिरण्या आल्या. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली, आणि हातमागावरच्या जाड्या कापडाला गिऱ्हाईक उरले नाही. मागावरचा माणूस शेतमजूर झाला, खाणीत गेला, गिरणीत गेला. सासऱ्यांच्या पिढीला वाटते की कापडाच्या धंद्याने आपल्याला एकदा उघड्यावर टाकले आहे, तर मुलीने पुन्हा त्याच दारात का जावे? तिने टेबलखुर्चीवर बसावे.

मुलीने उत्तर दिले नाही. तिने मोबाईलवर एक फोटो काढला आणि आजोबांपुढे धरला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मिशेल ओबामा, अंगावर चंदेरी टिकल्यांनी भरलेला, फिकट सोनेरी झगा. बाजूला आपले पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग. तारीख 24 नोव्हेंबर 2009. "हा झगा ज्यानं बनवला तो मुंबईचा हाय, आबा," ती म्हणाली. आबांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि विचारले, "नाव काय त्याचं?"

नाव नईम खान. 1958 साली मुंबईत जन्म. आजोबा आणि वडील दोघेही भरजरी कपड्यांच्या धंद्यात. राजेरजवाड्यांच्या घरचे कपडे त्यांच्याकडे भरले जात. म्हणजे घरात जन्मतःच जर, टिकल्या, कलाबतू आणि चौकटीवर ताणलेले कापड. विशीच्या आत-बाहेर असताना हा मुलगा अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमध्ये हॅल्स्टन नावाच्या त्या काळच्या फार नावाजलेल्या कपडेकाराच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. आपल्याकडे जसे पोरगे उस्तादाजवळ राहून, आधी काज-बटण, मग तुरपाई, मग कात्री, असे चढत जाते तसेच. हॅल्स्टनचा हात साधेपणासाठी प्रसिद्ध होता. कापड सरळ पडले पाहिजे, शिवण कमीत कमी. आणि चेल्याचे घराणे म्हणजे सगळे भरगच्च. पण या उलट्या जोडीतूनच नईम खान यांचे काम घडले असे आम्हाला त्यांच्या कपड्यांचे फोटो पाहून वाटते. अंगाचा बेत अगदी साधा, खांद्यापासून खाली सरळ घरंगळणारा, आणि त्यावर इंचन्‌इंच भरतकाम. शिवणारीच्या डोळ्याला हे लगेच कळते. भरतकाम जड असले की कापड ओढते, गळा लोंबतो, काखेचा जोड फाटतो. इतके वजन अंगावर असूनही झगा झोळीसारखा दिसत नाही, हे बेतणाऱ्याचे कसब.

स्वतःच्या नावाने त्यांनी धंदा उभा केला तो 2003 साली. तोपर्यंत न्यूयॉर्कमध्ये पंचवीसएक वर्षे गेली होती. मग 2009 चा तो सरकारी मेजवानीचा झगा झाला आणि नाव जगभर पोचले. 2013 साली त्यांनी खास नवरीच्या कपड्यांची मांडणी सुरू केली. 2016 साली इंग्लंडच्या राजघराण्यातली सून केट ताजमहाल पाहायला आली तेव्हा तिच्या अंगावरचा पांढरा-निळा झगाही त्यांचाच होता. हे सगळे सांगून झाल्यावर मुलगी आजोबांना म्हणाली, "सांगा आता, हे शिंपीकाम हाय का?" आबा एवढेच म्हणाले, "त्याच्या बापाचा कारखाना होता, बाई. तुह्या बापाची पानटपरी हाय."

आम्हाला दोघांचेही पटले.

पण रात्री मशीन झाकून ठेवताना आम्ही वेगळाच विचार करीत होतो. त्या झग्यावरचे भरतकाम भारतात हाताने झाले होते. एवढ्या टिकल्या कोणीतरी एकेक करून आरीने अडकवल्या असणार. आमची मुलगी नागपूरला वर्गाला जाऊन आरीचे काम शिकली आहे. आरी म्हणजे आकडी असलेली लांब सुई. लाकडी चौकटीवर कापड ढोलकीसारखे ताणायचे, एक हात वर, एक हात खाली, वरून सुई टोचायची, खालून दोरा द्यायचा, मणी ओवून घ्यायचा, पुन्हा टोचायची. नवरीच्या ब्लाऊजची फक्त पाठ आणि बाह्या भरायला तिला तीन-चार दिवस लागतात आणि चौथ्या दिवशी मान वर होत नाही. मुंबईतल्या जरीच्या कारखान्यांत हे काम करणारी बहुतेक माणसे बिहार, उत्तर प्रदेश, बंगालकडून आलेली, त्यांत मुसलमान कारागीर फार. माळ्यावर चौकट, चौकटीखालीच झोपायची जागा. 2005 साली मुंबईत अशा कारखान्यांवर धाडी पडल्या आणि कितीतरी लहान मुलांना तिथून सोडवले गेले. हे आम्ही धंद्याबद्दल सांगत आहोत, कोणा एका माणसाबद्दल नाही. समुद्रापार जाऊन नाव काढणारा एक परमुलुखाचा. आणि त्याच्याच जन्मगावी चौकटीवर वाकलेले हेही परमुलुखाचेच. एकाचे नाव पट्टीवर विणलेले असते. दुसऱ्याचे नाव मुकादमाच्या वहीत, तेही अर्धे.

या नावाच्या प्रकरणात मुलीने आम्हाला आणखी एक गोष्ट शोधून दिली. नईम खान यांचे गुरू हॅल्स्टन मुळात टोप्या बनवीत. 1961 साली जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले त्या दिवशी त्यांच्या पत्नी जॅकलिन यांनी डबीसारखी गोल, बिनकाठाची एक टोपी घातली होती. ती हॅल्स्टनची. त्या एका टोपीने त्याचे नाव अमेरिकेतल्या घराघरात गेले. पुढे 1973 साली त्याने आपला धंदा नावासकट एका मोठ्या कंपनीला विकला आणि शेवटी अशी वेळ आली की स्वतःच्याच नावाने कपडा काढायची त्याला मुभा उरली नाही. नाव मिळवणे एक आणि ते हातात ठेवणे एक.

आता त्याच जॅकलिनबाईंच्या लग्नाचा पोशाख कोणी शिवला होता? टोपीवाल्याचे नाव ज्यांना माहीत होते त्यांतल्या फारच थोड्यांना हे माहीत होते. तो शिवला होता अ‍ॅन लो या कृष्णवर्णीय बाईने. तीही पोटामागे आपला मुलूख सोडून न्यूयॉर्कला आलेली होती.

अ‍ॅनचा जन्म 1898 च्या सुमारास अलाबामा राज्यात क्लेटन या गावी. तिची आजी गुलामगिरीत जन्मली होती. आजी आणि आई दोघी गोऱ्या श्रीमंत बायकांचे कपडे शिवीत. अ‍ॅन लहानपणी पायाशी पडलेल्या चिंध्यांची फुले करी. हे वाचले तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो, कारण आमच्या मुलीनेही कतरनीच्या ढिगात बसूनच फुले केली आहेत. पुढे अ‍ॅनच्या कपड्यांची ओळख कोणती म्हणाल तर हीच कापडी फुले. 1914 साली तिची आई अचानक वारली. तेव्हा अलाबामाच्या गव्हर्नरच्या पत्नीचे चार झगे अर्धवट पडले होते. सोळा वर्षांच्या मुलीने ते पुरे करून दिले. तेरावे-चौदावे करण्याआधी अर्धे शिवण पुरे करायची पाळी कोणत्या घरात येते, हे शिवणाऱ्या घरालाच कळेल.

नवऱ्याला तिने बाहेर काम केलेले आवडत नव्हते. ती लहान मुलाला घेऊन फ्लोरिडात टॅम्पा शहरी गेली, एका मोठ्या घरच्या मुलींच्या लग्नाचे कपडे शिवायला. 1917 साली न्यूयॉर्कच्या एका कपडे-शिक्षणाच्या शाळेत तिने नाव घातले. प्रवेश मिळाला, पण गोऱ्या मुलींसोबत बसू दिले नाही. वेगळ्या खोलीत एकटीला बसवले. आणि गंमत अशी की तिने केलेले काम मात्र त्या खोलीतून उचलून गोऱ्या मुलींना नमुना म्हणून दाखवायला नेत.

बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला 1913 साली गेले आणि 1916 मध्ये तिथून लंडनला निघाले. म्हणजे ही मुलगी त्या शहरात आली तेव्हा त्यांना जाऊन जेमतेम वर्ष झाले होते. एवढ्या मोठ्या शहरात भेट झालीच असती असे नाही. पण वर्गाबाहेर बसलेला विद्यार्थी आणि वेगळ्या खोलीत शिवणारी विद्यार्थिनी यांना एकमेकांची गोष्ट समजावून सांगावी लागली नसती.

आपल्याकडच्या कापडातही अशी वेगळी खोली होती, हे नव्या पिढीला ठाऊक नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना सूतखात्यात काम मिळे, विणकाम खात्यात मिळत नसे, आणि पगार तर विणकाम खात्यातच जास्त. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून छिद्रातून बाहेर काढावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार? 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. म्हणजे ज्या समाजाने या भागात पिढ्यान्‌पिढ्या कापड विणले, त्याच्याच माणसाला गिरणीच्या मागाला हात लावायची बंदी. आम्ही हे आबांना सांगितले. त्यांना ते आमच्यापेक्षा जास्त माहीत होते. पण नातीच्या प्रश्नाशी त्याचा संबंध असेल असे त्यांच्या मनात आले नव्हते. कापडाने आपल्याला टाकले हे खरे, पण कापडातल्या चांगल्या पगाराच्या जागेवर आपल्याला बसू दिले नाही हेही खरे. मग शिकून त्या जागेवर बसायला निघालेली मुलगी मागे चालली आहे की पुढे? आबांनी यावर उत्तर दिले नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळेचे दाखले कुठे आहेत म्हणून विचारले.

अ‍ॅनकडे परत येऊ. 1928 साली ती कायमची न्यूयॉर्कला आली. कितीतरी वर्षे तिने दुसऱ्यांच्या दुकानांसाठी शिवले. 1947 साली ऑलिव्हिया डी हॅविलंड ही नटी ऑस्करचे पारितोषिक घ्यायला गेली तेव्हा तिच्या अंगावर अ‍ॅनने केलेला फुलांचा झगा होता. आतल्या पट्टीवर नाव दुकानवालीचे. पुढे तिने स्वतःचे दुकान काढले आणि 1953 मध्ये जॅकलिनच्या लग्नाचे काम तिला मिळाले. नवरी आणि तिच्या करवल्या मिळून पंधरा झगे. नवरीच्या एकट्या झग्याला हस्तिदंती रंगाचे सुमारे पन्नास वार रेशीम. नवरीला म्हणे साधा पोशाख हवा होता आणि मोठ्या माणसांना भारी. हे तुमसर असो की अमेरिका, सारखेच!

लग्नाला दहा दिवस उरले आणि रात्रीतून दुकानातला पाण्याचा नळ फुटला. पंधरापैकी दहा झगे भिजून गेले, त्यात नवरीचाही. दोन महिन्यांचे काम. अ‍ॅनने पुन्हा रेशीम आणले, बाया लावल्या, रात्रंदिवस बसून सगळे पुन्हा शिवले आणि गिऱ्हाइकाला अवाक्षर कळू दिले नाही. सातशे डॉलर नफा व्हायचा तिथे बावीसशे डॉलरचा तोटा झाला. झगे घेऊन ती लग्नघरी गेली तेव्हा दारावरच्या माणसाने सांगितले, नोकरांच्या मागच्या दाराने जा. ती म्हणाली, पुढच्या दाराने जाऊ देत नसाल तर झगे परत नेते. आणि ती पुढच्या दारानेच गेली.

हा भाग वाचताना आमच्या हातातले काम थांबले. फार वर्षांपूर्वी आमच्याही वाट्याला असे एक दार आले होते. गाव आणि घर सांगत नाही. नवरीचे अकरा ब्लाऊज घेऊन आम्ही दोघी गेलो. पुढच्या अंगणात मांडव, पाहुणे. एका बाईने लांबूनच हात केला, मागच्या बाजूने गोठ्याकडून या. कपडे ओट्यावर ठेवायला सांगितले. मग एका पोराने ते उचलून आत नेले, आणि आत गेल्यावर तेच कपडे नवरीने अंगाला लावून पाहिले. शिलाईचे पैसे धान विकल्यावर मिळाले. आम्ही काही बोललो नाही, कारण घरात तेव्हा सासरे आजारी होते आणि पैसे हवे होते. अ‍ॅनजवळ त्या दिवशी एक गोष्ट होती जी आमच्याजवळ नव्हती. लग्न तोंडावर होते आणि दुसरे झगे जगात कुठेही नव्हते. आमचे अकरा ब्लाऊज नसते तर त्यांनी भंडाऱ्याहून तयार आणले असते. आपल्या कामाचा दुसरा जोड बाजारात नसणे, हीच शिवणारीची ताकद. मुलीला शिकवायचे ते यासाठी.

अ‍ॅनचे सगळेच आम्हाला पटते असे नाही. आपण फक्त बड्या घराण्यांसाठी शिवतो, वाटेल त्याच्यासाठी नाही, असे ती अभिमानाने सांगे. त्याच बड्या घराण्यांनी तिच्याशी घासाघीस करून कपडे मजुरीच्या खाली नेले. तिचा हिशेब तिचा मुलगा ठेवी; 1958 मध्ये तो मोटार अपघातात गेला आणि मागोमाग दुकानाचे गणित कोसळले. कराची थकबाकी, उधाऱ्या, काचबिंदूने एक डोळा गेला. लग्नाच्या वेळी बहुतेक वर्तमानपत्रांनी पोशाखाचे तासभर वर्णन केले आणि शिवणारीचे नाव दिले नाही. 1961 साली एका मासिकात तर ती निव्वळ कोणी एक काळी शिवणारी बाई होऊन बसली. 1981 मध्ये ती वारली. आता, 2023 साली, अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयाने तिच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले आणि तो लग्नाचा झगा पुन्हा तसाच शिवून मांडला. मूळ झगा जपून ठेवलेला आहे, पण तो इतका नाजूक झाला आहे की उभा करता येत नाही.

पांढऱ्यावर पांढरे शिवणे काय असते, हे मात्र आम्हाला अ‍ॅनकडून शिकावे लागले नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला लाखो माणसे पांढरे कपडे घालून नागपूरला गेली, तेव्हापासून आपल्या घरची नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते. शेजारपाजारच्या बाया पूर्वी नाक मुरडीत, "लग्नात पांढरं?" म्हणून, कारण त्यांच्याकडे पांढरे लुगडे म्हणजे कपाळ पुसलेले. आता त्यांच्याच मुली इंग्रजी सिनेमा पाहून रिसेप्शनला पांढरा गाऊन शिवून मागतात. (तिकडची पांढऱ्या झग्याची रीतसुद्धा व्हिक्टोरिया राणीने 1840 मध्ये आपल्या लग्नात तो घातल्यापासून बोकाळली, असे सांगतात. हळद लावावी की नाही हा वाद मात्र इथे नको. त्यावर या पानांवर खूप शाई खर्च झाली आहे.)

तर पांढरा रंग एक नसतो. दुधी, मोतिया, हस्तिदंती, आणि आपल्या आंधळगावच्या कोशाचा मधाळ पांढरा, जो ऐन आणि अर्जुनाच्या पानावर वाढलेल्या किड्याचा असतो. साडी एका पांढऱ्याची आणि ब्लाऊजचे कापड दुसऱ्या पांढऱ्याचे घेतले तर फोटोत नवरी मळकट दिसते. म्हणून आम्ही कापड दिव्याखाली न पाहता दारात उन्हात धरून पाहतो. दोराही त्याच छटेचा लागतो. पांढरे काम काढायच्या आधी मशीन पुसून जुन्या चिंधीवर चार ओळी शिवायच्या, नाहीतर तेलाचा ठिपका हमखास पडतो. अस्तर दाट हवे, पण उन्हाळ्यातले लग्न, नवरी घामाने भिजणार, म्हणून सुती. धानाच्या दिवसांत तुमसरात हवेत कोंडाच इतका असतो की अर्धवट काम उघडे ठेवून जेवायलाही उठता येत नाही. लाल शालूत शिवणीची चूक लपते, पांढऱ्यात टाकाही लपत नाही.

मुलीने मागच्या वर्षी नागपूरहून पट्ट्या विणून आणल्या. बोटभर लांबीच्या, पांढऱ्यावर निळी अक्षरे. त्यावर काय लिहावे याचा घरात पंधरा दिवस खल झाला. तिच्या बापाला आडनाव हवे होते. धाकटीचे म्हणणे, आडनाव वाचून चार गिऱ्हाइके कमी होतील. मुलगी म्हणाली, जी कमी होतील ती होऊ द्या. शेवटी आम्हा दोघींची पहिली नावे आणि खाली "तुमसर" एवढेच ठेवले. आता नवरीच्या ब्लाऊजला मानेमागे आतून ही पट्टी लागते. एका नवरीच्या आईने ती उसवून मागितली. तिने सासरी ब्लाऊज नागपूरच्या बुटिकचा म्हणून सांगितले होते. आम्ही उसवून दिली, गिऱ्हाईक आहे. पण पुढच्या महिन्यात त्याच नवरीची नणंद माप द्यायला आली आणि म्हणाली, "मावशी, वहिनीनं पत्ता देल्ला." म्हणजे नाव पट्टीशिवायही पोचते कधीकधी. तरी पट्टी आम्ही लावतोच. आणि आरीचे काम मुलीने केले असेल तेव्हा तिच्याही नावाची वेगळी पट्टी लागते, हे तिने भांडून मिळवले आहे.

शिक्षणाचे म्हणाल तर सरकारी फॅशन संस्था, जिला निफ्ट म्हणतात, तिची प्रवेश परीक्षा असते. चित्र काढावे लागते, हाताने वस्तू करून दाखवावी लागते, आणि इंग्रजी व हिशेबाचे प्रश्नही असतात. अनुसूचित जातींसाठी तिथे राखीव जागा आहेत, हे आपल्या मुलींना कोणी सांगत नाही. मुंबईला त्यांची शाखा 1995 पासून आहे. चार वर्षांचा अभ्यासक्रम, खर्च आमच्या ऐपतीच्या बाहेरचा; शिष्यवृत्तीचे कागद जमवायचे आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर आयटीआयचा शिवणकामाचा कोर्स करून पुढच्या वर्षी पुन्हा बसायचे, असे तिने स्वतःच ठरवले आहे.

फॉर्म आबांनी भरला. अक्षर त्यांचे चांगले म्हणून कच्चा मसुदा कागदावर त्यांनी केला आणि मुलीने तो मोबाईलवरून पाठवला. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात पानटपरी लिहिले. आईच्या व्यवसायाच्या रकान्यात मुलगी "गृहिणी" निवडू लागली, तसे आबांनी तिचा हात धरला. पर्यायांच्या यादीत शिवणकाम नव्हते. बराच वेळ दोघे ती यादी वरखाली करीत बसले आणि शेवटी "स्वयंरोजगार" यावर बोट ठेवले. परीक्षेला ती आणि धाकटी मिळून जाणार आहेत. थोरलीला त्या आठवड्यात तीन नवऱ्यांचे काम द्यायचे आहे.